आधी रुग्णाचे तोंड उघडून पाहा!

मनोविकारांच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात जा आणि दहा वर्षे गोळ्या घेणाऱ्या एखाद्या रुग्णाचा केसपेपर उघडा. ‘सीएसटी’. पुढच्या महिन्याला ‘सीएसटी’. त्याच्या पुढच्या महिन्यालाही ‘सीएसटी’. आहे तेच औषध चालू ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. या अक्षरांच्या रांगेत एक ओळ शोधा. या माणसाची जीभ शेवटची कधी पाहिली? जबडा पाहिला? हाताची बोटे पाहिली? चपला काढायला लावून पायांकडे कोणी नजर टाकली? अशी ओळ, तारीख आणि आकड्यासह, ज्या डॉक्टरच्या केसपेपरात सापडेल त्याला आम्ही जाहीर नमस्कार करू. बाकीच्यांना आमचा सवाल आहे, आणि तो आम्ही दबक्या आवाजात विचारणार नाही. ज्या औषधाने माणसाचे तोंड आयुष्यभरासाठी वाकडे होऊ शकते, ते औषध तुम्ही त्याचे तोंड न पाहता वर्षानुवर्षे लिहिता कसे?

आम्ही बोलतो आहोत ते टार्डिव्ह डिस्किनेशियाबद्दल. अँटिसायकोटिक औषधे अनेक महिने किंवा वर्षे घेतल्यावर उशिराने उगवणाऱ्या, माणसाच्या इच्छेला न जुमानणाऱ्या या हालचाली. ओठांची मचमच सुरू होते. तोंडात काही नसताना माणूस चघळत राहतो. जीभ आतल्या आत वळवळते, मध्येच बाहेर येते. डोळे मिचकतात, जबडा आडवा सरकतो, बोटे मांडीवर न वाजणारी पेटी वाजवत राहतात. कुणाचे धड मागेपुढे झुलते, कुणाचे पाऊल जमिनीवर टिकत नाही. झोप लागली की सगळे थांबते. जाग आली की पुन्हा सुरू. फार वाढले तर जिभेला जखमा होतात, घास गिळता येत नाही, श्वासाची लयही बिघडते.

आणि हे सगळे कुणाच्या वाट्याला येते? ज्याच्या कानातले आवाज थांबले, ज्याला रात्रीची झोप लागू लागली, जो पुन्हा कामाला जाण्याच्या गोष्टी करू लागला, त्याच्या. आजार उताराला लागला आणि गावाने त्याच्या तोंडाकडे पाहून निकाल दिला की वेड वाढले! घरात त्याला म्हणतात, ‘तोंड कसलं चाळवतोस सारखं?’ दुकानाचा मालक सांगतो, गिऱ्हाईक बिचकते, उद्यापासून येऊ नकोस. बहिणीच्या लग्नात त्याला मागच्या खोलीत बसवतात. आजारपणाने जे नेले नव्हते ते उपचाराने नेले, आणि ज्याने उपचार दिले त्याच्या वहीत त्याची नोंद नाही.

याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. नातेवाईक डॉक्टरांना सांगतात, ‘साहेब, चाळे वाढलेत.’ साहेब डोस वाढवतात. डोस वाढला की हालचाली काही काळ दबतात. मेंदूतले डोपामाइनचे ग्राही (रिसेप्टर) औषधाने वर्षानुवर्षे अडवून ठेवले की ते अधिकच संवेदनशील होतात, असे या विकाराचे बहुमान्य स्पष्टीकरण आहे. डोस वाढवणे म्हणजे त्याच दाराला आणखी एक कुलूप ठोकणे. कुटुंबाला वाटते, गुण आला. काही महिन्यांनी तेच चाळे दुप्पट जोराने परततात. अकथिसियाचीही हीच कथा. औषधामुळे रुग्णाला आतून अशी तगमग होते की त्याला एका जागी बसवत नाही. ती चुळबुळ रोगाची समजून त्याला आणखी औषध टोचले जाते. न पाहता दिलेले औषध न पाहता वाढवले जाते, आणि या साखळीला आपण उपचार म्हणतो!

हे नवे आहे, अजून कळायचे आहे, असे कुणी म्हणू नये. क्लोरप्रोमाझिन हे या कुळातले पहिले औषध १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकर यांनी मनोरुग्णांना दिले. त्या औषधाने वेड्यांच्या इस्पितळांतला आक्रोश शांत केला, लाखो माणसांना घराची वाट दाखवली. त्याचे ऋण आम्ही मानतो. पण पाच वर्षांच्या आत, १९५७ मध्ये, शोनेकर या जर्मन डॉक्टरने लिहून ठेवले की औषध थांबवल्यावरही काही रुग्णांच्या ओठांची हालचाल थांबत नाही. १९६४ मध्ये डेन्मार्कच्या फाउरब्यू यांनी या विकाराला आजचे नाव दिले. अमेरिकेत जॉर्ज क्रेन या मनोविकारतज्ज्ञाने साठच्या आणि सत्तरच्या दशकांत लेखांमागून लेख लिहून आपल्याच व्यवसायबंधूंना बजावले. त्यांनी वर्षानुवर्षे त्याच्याकडे पाठ फिरवली. आपण त्यांच्याकडून औषधे घेतली, पुस्तके घेतली. त्यांची ही पाठ फिरवण्याची खोडही घेतली, आणि त्यांनी ती पुढे टाकली तरी आपण सोडली नाही.

त्यांनी ती टाकली याला एक कारण न्यायालय होते. आयोवा राज्यातल्या ग्लेनवूडच्या सरकारी संस्थेत एका मतिमंद तरुणाला १९७० ते १९७५ ही पाच वर्षे अशी औषधे दिली गेली. त्याला टार्डिव्ह डिस्किनेशिया झाला. त्याच्या वतीने सरकारवर खटला भरला गेला. नियमित तपासणी नाही, देखरेख नाही, पालकांची जाणती संमती नाही, असे ठपके ठेवून साडेसात लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल लागला आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. आमच्या इस्पितळांत असे किती तरुण म्हातारे झाले? त्यांच्यासाठी कोणत्या न्यायालयाचे दार कुणी ठोठावले?

आता त्या तपासणीकडे वळू. ‘सोयी नाहीत’ हे रडगाणे इथे क्षणभरही टिकत नाही. १९७६ पासून एक मोजपट्टी जगासमोर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ती बसवली : अ‍ॅबनॉर्मल इन्व्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल. डॉक्टर मंडळी तिला ‘एम्स’ म्हणतात. दिल्लीच्या रुग्णालयाशी तिचा काही संबंध नाही. तिच्यासाठी यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही, वीजही लागत नाही. हात नसलेली एक घट्ट खुर्ची लागते आणि पाहणारे दोन डोळे लागतात.

तपासणी सुरू होते ती रुग्णाला कळायच्या आधी. तो बाहेर बाकावर नंबराची वाट पाहत बसला असताना त्याच्याकडे पाहायचे, कारण समोर बोलावले की माणूस सावरून बसतो. आत आल्यावर पहिला प्रश्न : तोंडात काही आहे का? महाराष्ट्रात हा प्रश्न कधीही वगळता येणार नाही. तंबाखूचा बार, सुपारीचे खांड, मशेरी, गुटखा; हे आधी थुंकायला लावले नाही तर निरोगी माणूसही चघळताना दिसेल, आणि खरोखर आजारी असलेल्याची मचमच ‘तंबाखू खातो’ म्हणून निकालात निघेल. मग दातांची, कवळीची चौकशी, कारण बोळक्या तोंडाची म्हातारी माणसेही जबडा हलवतात. मग चपला, बूट, मोजे काढायचे. हात गुडघ्यांवर, पाय थोडे फाकवून, तळवे जमिनीवर टेकलेले. मग हात मोकळे लोंबते सोडायचे. तोंड उघडायला सांगायचे, दोनदा. आत जीभ स्वस्थ पडली आहे की वळवळते आहे ते पाहायचे. जीभ बाहेर काढायला सांगायची, तीही दोनदा. मग अंगठ्याने एकेका बोटाला भराभर टोकायला लावायचे, दहा-पंधरा सेकंद, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. ही यातली सर्वांत शहाणी युक्ती आहे : रुग्णाचे लक्ष बोटांत गुंतते आणि इतका वेळ आवरून धरलेले ओठ, जबडा, पाय आपले खरे रूप दाखवतात. मग उभे राहायचे, हात समोर पसरायचे, चार पावले जाऊन वळून परत यायचे.

चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय, धड अशा सात जागांना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यायचे. एका जागी मध्यम किंवा दोन जागी सौम्य हालचाल दिसली आणि औषध किमान तीन महिने पोटात गेले असले, की धोक्याची घंटा वाजली, असा दंडक स्कूलर आणि केन यांनी १९८२ मध्येच घालून दिला. एकूण वेळ? दहा मिनिटे. आणि ही दहा मिनिटे दर भेटीला कोण मागतो? अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूचना आहे : ज्यांना धोका जास्त त्यांची सहा महिन्यांतून एकदा, बाकीच्यांची वर्षातून एकदा. दर भेटीला निदान नजर टाकून हालचाली आहेत का ते पाहायचे, एवढेच वर. वर्षातली दहा मिनिटे! ज्या माणसाला तुम्ही ३६५ दिवस औषध गिळायला लावता, त्याला वर्षातली दहा मिनिटे देण्यास तुमच्याकडे वेळ नाही?

वेळ नाही हे आम्ही ऐकले आहे. एका सकाळच्या ओपीडीत शंभराच्या वर रुग्ण, डॉक्टर दोन. तेही पाहिले आहे. देशात मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकही नाही, २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मनोविकारांच्या बहुतांश रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचे दिसले, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ही मोजपट्टी वापरायला मनोविकारतज्ज्ञ लागतोच असे कुणी सांगितले? शिकवलेली परिचारिका ती वापरू शकते. मानसोपचार समाजकार्यकर्ता वापरू शकतो. बाहेर बाकावर तीन तास ताटकळणाऱ्या रुग्णाकडे पाहायला तिथल्या सिस्टरला शिकवले तर डॉक्टरचा एक मिनिटही जास्त जाणार नाही. हे कधी केले नाही, कारण ते करावेसे वाटले नाही. टंचाई आहे ती माणसांची कमी आणि आस्थेची जास्त. हृदयाच्या रुग्णाचा रक्तदाब न मोजता कुणी वर्षभर गोळ्या लिहिल्या तर त्याची मुले दवाखान्यात भांडायला उभी राहतील. मनोरुग्णाच्या वतीने भांडायला कुणी येत नाही, आणि तो स्वतः बोलला तर त्याचे बोलणे आजाराचे लक्षण म्हणून लिहून घेतले जाते. या तपासणीच्या अभावाचे मूळ आम्हाला इथे दिसते : ज्याचे मन बिघडले त्याचे शरीरही जणू त्याचे उरत नाही, असे आपल्या व्यवस्थेने ठरवून टाकले आहे.

त्याहून मोठे पाप म्हणजे रुग्णाला न पाहताच औषध देणे. महिन्याच्या महिन्याला वडील येतात, नाहीतर भाऊ येतो. हातात केसपेपर. ‘बरा आहे ना?’ ‘बरा आहे.’ शिक्का, सही, गोळ्यांची पुडी. रुग्ण दोन-दोन वर्षे कुणाच्या नजरेसमोर येत नाही! एसटीचे भाडे नाही, मजुरी बुडते, त्याला सोबत आणणे कठीण, हे सगळे खरे. मग गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला बसवून पाहा. मोबाइलवर व्हिडिओ लावून त्याला जीभ काढायला सांगा. नुसते भावाच्या तोंडून ‘बरा आहे’ ऐकून दुसऱ्याच्या मेंदूत जाणारे औषध लिहू नका!

दुसरी सबब : उगाच सांगितले तर रुग्ण घाबरून गोळ्या सोडतील. या युक्तिवादाची आम्हाला चीड येते. माणसाला अंधारात ठेवले तरच तो औषध घेईल असे मानणारा डॉक्टर त्याला बरे करायला नव्हे, ताब्यात ठेवायला बसला आहे. आणि अंधारात ठेवलेला माणूस गोळ्या सोडतोच. आरशात स्वतःची जीभ पाहून, कुणाला न विचारता, एका रात्रीत सोडतो. म्हणून आम्ही इथे रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना हात जोडून, ठळक अक्षरांत सांगतो : हे वाचून एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम बंद केल्याने हालचाली वाढू शकतात आणि मूळ आजार उसळू शकतो. पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर बसा आणि सांगा, माझी तपासणी करा.

तिसरी सबब अधिक विद्वान आहे : या हालचाली आजारानेच होतात, औषधाने नव्हे. यात तथ्याचा अंश आहे. चेन्नईच्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कधीही औषध न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतही अशा हालचाली आढळल्या होत्या. हा भारतीय पुरावा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण त्याने काय सिद्ध होते? पहिली गोळी देण्याआधी रुग्णाला तपासून आकडा लिहून ठेवायलाच हवा, हे सिद्ध होते! मुळातला आकडा नसेल तर पाच वर्षांनी दोष रोगाचा की औषधाचा हे ठरवणार कशावरून? तपासणी टाळायला जो पुरावा पुढे करता, तोच तुम्हाला तपासणीच्या खुर्चीपाशी खेचून नेतो.

चौथी सबब, सापडले तरी उपाय काय? उपाय आहेत. डोस विचारपूर्वक कमी करता येतो. धोका कमी असलेल्या औषधाकडे, क्वेटियापिन किंवा क्लोझापिनकडे वळता येते. टेट्राबेनाझिन भारतात मिळते; त्याच कुळातली व्हॅलबेनाझिन आणि ड्युटेट्राबेनाझिन यांना अमेरिकेने २०१७ मध्ये खास याच विकारासाठी मान्यता दिली. लवकर सापडले तर मागे फिरण्याची आशा जास्त, उशीर झाला की ती आटत जाते. आणि नवी औषधे निर्धोक आहेत हा भ्रमही सोडा. २०१७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात जुन्या औषधांवरच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत आणि नव्या औषधांवरच्या सुमारे २१ टक्के रुग्णांत हा विकार आढळला. जुन्या औषधाचा थेंबही न घेतलेल्यांतही तो सुमारे ७ टक्के होता. वृद्धांची अवस्था तर काळजाला घरे पाडणारी. जुन्या औषधांवर पहिल्याच वर्षी चौघांत जवळपास एकाला! आणि आमच्या सरकारी दवाखान्यांत आजही हॅलोपेरिडॉल आणि महिन्याला टोचायचे फ्लुफेनाझिन हीच गरिबाची औषधे आहेत. स्वस्त आहेत, परिणामकारक आहेत, द्यावी लागतात. मग ज्यांना ती द्यावी लागतात त्यांची तपासणी दुप्पट काळजीने नको का व्हायला?

पॅसिटेनबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ट्रायहेक्सिफेनिडिलची ही गोळी घराघरांत ‘साइड इफेक्टची गोळी’ म्हणून माहीत आहे. अंग ताठणे, हात थरथरणे, मान वाकडी होणे यांवर ती चालते. टार्डिव्ह डिस्किनेशियावर चालत नाही. उलट तो बिघडवू शकते. तरीही अँटिसायकोटिक आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत कोंबलेली जोडऔषधे आपल्या बाजारात उघड विकली जातात. एकाचा डोस कमी करायचा तर दुसऱ्याचाही होतो, एक थांबवायचे तर दुसरेही थांबते. कोणती हालचाल कोणत्या जातीची हे पाहिल्यावाचून ही गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवणे म्हणजे आगीवर पाणी पडते आहे की रॉकेल, हे न पाहता बादली ओतत राहणे.

आणि ज्याला वाटते की हा ‘वेड्यांचा’ प्रश्न आहे, आपला नाही, त्याने आपल्या घरातला औषधांचा डबा उपसावा. आम्लपित्तावर, पोट फुगण्यावर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘लेव्होसल्पिराइड’ छापलेले सापडेल. ते अँटिसायकोटिक कुळातले औषध आहे! अमेरिकेने त्याला कधी मान्यताच दिली नाही. आपल्याकडे रॅबेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोलच्या जोडीने ते सत्तरीच्या आजीच्या पोटात महिनोन्‌महिने जाते. तिचे ओठ हलू लागतात, चाल मंदावते, आणि सगळे म्हणतात, वय झाले. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडचीही तीच जात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याच्या पाकिटावर याच विकाराचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. युरोपच्या औषधसंस्थेने २०१३ मध्ये ते पाच दिवसांवर देऊ नका असे बजावले. आपल्याकडे मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहून तेच पाकीट पुन्हा पुढे सरकवतो. पोटाच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाला कुणी सांगितले का, की या गोळीने तुमची जीभ तुमच्या ताब्यातून जाऊ शकते?

सांगणे हा उपकार नाही, कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २२ : उपचार कोणता, त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. समजेल अशा भाषेत! म्हणजे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला मराठीत, मेळघाटातल्या आईला कोरकूत. कायदा होऊन इतकी वर्षे लोटली. ज्यांनी हे ऐकले असे किती रुग्ण कुणी दाखवेल?

म्हणून आमची मागणी महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आहे, आणि ती विनंतीच्या सुरात नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षे अडकून पडलेल्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या दीर्घकाळ राहिलेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी येत्या तीन महिन्यांत पूर्ण करा. पहिली गोळी किंवा पहिले इंजेक्शन देण्याआधीचा आकडा केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिणे बंधनकारक करा. सहा महिन्यांवर जुनी नोंद असेल तर औषधाच्या खिडकीवरच केसपेपर थांबवा आणि रुग्णाला तिथल्या तिथे खुर्चीवर बसवा. गोळ्या नाकारायच्या नाहीत, तपासणी करून द्यायच्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या प्रत्येक परिचारिकेला ही मोजपट्टी शिकवा. टेट्राबेनाझिन प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या औषधसाठ्यात ठेवा. आणि वर्षअखेरीस किती जणांना तपासले, किती जणांत विकार सापडला, किती जणांचे औषध बदलले, हे रुग्णालयवार आकडे जाहीर करा. आकडे आले नाहीत तर आम्ही त्या चारही रुग्णालयांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू आणि जे उत्तर येईल ते, कोरे आले तर कोरे, याच जागी छापू.